गालावरचे खड्डे आणि सुनेचे मनगट

मी, टेलरबाई (सगळे याच नावाने ओळखतात), वय ५८ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार बसथांब्यामागील इमारत, दुसरा मजला. आज रोजी स्वतःहून ठाण्यात हजर होऊन सांगते की,

मी वरील पत्त्यावर सुनेसोबत राहते. मुलगा बोटीवर नोकरीला असतो. सोळाव्या वर्षी पुटकुळ्या येऊन माझ्या गालांवर खड्डे पडले. तेव्हापासून फोटोत मी मागच्या रांगेत असते. कुणी सांगितले नव्हते, मीच उभी राहते.

गेल्या महिन्यात सून म्हणाली, "आई, किती दिवस मागे लपणार?" तिने त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे मायक्रोनीडलिंगसाठी वेळ घेतली. या वयात नटवेपणा म्हणून लोक हसतील, सबब मी तिला शपथ घातली की, कुणालाही सांगायचे नाही. मुलालासुद्धा नाही.

काल सकाळी ११ वाजता आम्ही दवाखान्यात गेलो. चेहरा बधिर करणारे मलम लावून पाऊण तास बसवले. नंतर बारीक सुयांचे, पेनासारखे यंत्र गालांवरून, मग कपाळावरून फिरवले. त्याने बारीक छिद्रे पडतात व ती भरताना कातडी नव्याने भरून येते, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. मी म्हणाले, "चाळीस वर्षं कापडाला टोचतेय. आज कापड व्हायची पाळी माझी." त्यांना हसू आवरेना, म्हणून यंत्र थांबवावे लागले. कपाळावर मात्र दुखले. तेव्हा मी सुनेचे मनगट धरले. तिच्या मनगटावरील नखांचे व्रण माझे आहेत, झटापटीचे नाहीत.

आज सकाळी ८ वाजता माझे तोंड लालभडक व सुजलेले होते. समोर राहणाऱ्या निवृत्त हेडमास्तरांनी दारात पाहून विचारले. मी "पडले" म्हणून दार लावले. आत मी गाल खाजवू लागले, तेव्हा सून ओरडली, "हात लावाल तर याद राखा!" ते मास्तरांना ऐकू गेले. त्यांनी पोलिसांना फोन केला. इकडे मी दुखण्याची गोळी घेऊन झोपले.

सून कामाला निघाली असता पोलिसांनी तिला जिन्यात थांबवले. ती एवढेच म्हणाली, "आई झोपल्यात, त्यांना उठवू नका. बाकी मी काही सांगणार नाही." त्यामुळे संशय वाढून तिला ठाण्यात आणले. तिने माझी शपथ पाळली, दुसरे काही नाही.

मास्तरांच्या बायकोने मला १०.३० वाजता उठवून हे सांगितले. मी घरच्याच कपड्यांत, तोंड न झाकता, भर बाजारातून चालत आले. लोक बघत असतील. माझे लक्ष नव्हते.

माझी सुनेविरुद्ध तक्रार नाही. मास्तर येथे हजर असून हात जोडून म्हणाले, "बाई, माझं चुकलं." मी त्यांना म्हणाले, "चुकलं कसलं? खरंच कुणी मारलं असतं, तर फोन करणारे तुम्हीच होता की!"

डॉक्टरीणबाईंनी चेहऱ्याला ऊन लागू द्यायचे नाही असे बजावले आहे. सुनेला सोडले असून ती छत्री उघडून ठाण्याच्या दारात उभी आहे. तरी मला लवकर सोडावे.

माझा जबाब मला ऐकवला. मी सांगितले तेच लिहिले आहे, म्हणून खाली सही करते.