ब्रायडीची ओरड

आयर्लंडमधल्या लीट्रिमच्या दवाखान्यात डिम्फ्ना नंबराची वाट बघत बसली होती. मागच्या बाकावर दोन म्हातारे बोलत होते.

“ब्रायडीने पब बंद केला. आता पितोस कुठे, फिंटन?”

“घरीच. बिअरचे कॅन आणतो.”

“झकास! शेकोटी आपली, खुर्ची आपली.”

“हो ना.”

“आणि तिची ओरड नाही. दिवे मालवत म्हणायची, ‘उठा मेल्यांनो, घरंदारं नाहीत का तुम्हाला?’”

“ते ऐकलं की माझा कुत्रासुद्धा बाकाखालून उठायचा.”

“सुटलास म्हण की!”

“काल शेकोटीपाशी मीच मोठ्याने म्हणून बघितलं.”

“काय?”

“‘घरंदारं नाहीत का तुम्हाला?’”

“येडा आहेस लेका. मग?”

“कुत्रा उठला, दाराशी जाऊन उभा राहिला. घरी जायचं म्हणून.”