जयरामनं सूर सोडला

कीर्तनाला बसलेल्या मंडळींनो, ऐका! आधी एक प्रश्न विचारतो. आपल्या माणसाचं उणं झाकणं, ही माया की वैर? घाई नको, गोष्ट ऐकून सांगा.

घाटाखाली एक गाव. तिथं देवीच्या देवळात रोज सकाळी दोन सनया वाजायच्या. थोरला पर्शराम घडशी मुख्य वाजवणारा, आणि धाकटा जयराम सूर धरायचा. सूर धरायचा म्हणजे काय? गालात हवा साठवून एकच सूर, न तोडता! थोरला श्वास घ्यायला थांबला तरी ऐकणाऱ्याला कळत नाही. कष्ट धाकट्याचे आणि नाव थोरल्याचं! पण जयरामची तक्रार नव्हती हो. बाप गेल्यावर दादानंच त्याला वाढवलं होतं.

पर्शरामला बिडीचा नाद — पस्तीस वर्षांचा! मृदंगवाले, हसू नका, तुमचा खिसा दिसतोय मला. तर गेली दोन वर्षं पर्शरामचा दम अर्ध्यात तुटायचा. मग जयराम आपला सूर चढवायचा आणि दादाचं उरलेलं हळूच स्वतः वाजवून टाकायचा. गावाला पत्ता नाही!

एकदा आरोग्य खात्याच्या आशाताई घरी आल्या. म्हणाल्या, इतकी वर्षं बिडी ओढलीत, तर काही होत नसलं तरी डॉक्टरांना विचारून छातीचा स्कॅन करून घ्या. सुरुवातीला फुप्फुसातली गाठ दुखत नाही, आणि लवकर सापडली तर इलाज होतो.

पर्शराम म्हणाला, "सकाळी सनई ऐकलीत ना माझी? छाती खराब असलेला माणूस असा वाजवतो?"

ताईंनी जयरामकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. अहो, बोलायचं की नाही? नाही बोलला! दादाचा मान जाईल, ही भीती.

पुढं उत्सव आला. देऊळ माणसांनी भरलेलं. पर्शराम वाजवायला लागला, आणि थोड्याच वेळात त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, ओठ निळसर पडले. जयराम घाबरला. त्यानं सनई तोंडातून काढली. सूर थांबला, मंडळी! अख्ख्या गावानं पर्शरामची धाप ऐकली.

बाहेर आल्यावर पर्शराम म्हणाला, "देवीसमोर अब्रू घेतलीस माझी, जया."

"घेतली. दोन वर्षं तुझं अर्धं मीच वाजवतोय, दादा. पण तुझा श्वास मला घेता येत नाही. दवाखान्यात चल."

पाचव्या दिवशी पर्शराम चपला घालून दारात उभा राहिला.

स्कॅनमध्ये गाठ दिसली. पुढच्या तपासण्या झाल्या, आणि कर्करोगच निघाला. डॉक्टरांनी विचारलं, धाप कधीपासून लागते? जयराम म्हणाला, दोन वर्षं. डॉक्टर लिहायचे थांबले. म्हणाले, ऑपरेशन करता येईल, पण अगदी काठावर आलात.

ऑपरेशन झालं, पर्शराम आज आहे. पण दर तपासणीला रिपोर्ट येईपर्यंत जयराम दवाखान्याच्या पायरीवरून हलत नाही. दादा त्याला एका शब्दानंही दोष देत नाही. त्याचं त्यालाच सलतं. ती दोन वर्षं त्यानं मायेनंच घालवली होती.

आता तुम्ही सांगा! वयाचा खोकला आहे म्हणून घरात कोण कुणाची समजूत घालतंय? चुलीच्या धुरात जन्म काढलेल्या आईला कुणी विचारलं का कधी? हे बोलताना तुमच्या डोळ्यासमोर एक चेहरा आला. आला ना? तो माणूस इथंच बसला असेल तर आत्ता त्याच्याकडे वळा. उद्या दवाखान्यात कधी निघायचं, ते ठरवा.

ठरवा, मी थांबतो. आरती त्यानंतर.