ओब्दुलिया मला घाटात मागे टाकून गेली

…नाही हो, मागे टाकून गेली याचं मला एवढं काही नाही. वय होतं, गुडघे कुरकुरतात, कुणीतरी पुढे जाणारच. पण जाता जाता मला काय म्हणावं तिनं? "चला, थोडंच राहिलंय!" रस्त्यात भेटलेल्या कुठल्याही परक्या माणसाला म्हणतात ना, तसं! आणि गेली. मी मान वर करून बघतोय, तर हिरवं जाकीट, पांढरं हेल्मेट, आणि त्या दोन पोटऱ्या… आता पोटऱ्या म्हटलं तर तुम्ही हसाल, पण एकतीस वर्षं संसार केलाय मी या बाईशी. एकतीस वर्षं! बायकोच्या पोटऱ्या मला ओळखू येणार नाहीत?

खरं सांगतो, पहिल्यांदा नाही आल्या ओळखू. म्हणून तर सांगतोय.

कसं झालं बघा. माझं ट्रॅक्टरच्या टायरांचं दुकान होतं आमच्या गावात, वाल्देकोर्सोत, ते बंद केल्यापासून दर गुरुवारी आम्ही चौघं मित्र सायकल घेऊन निघतो. गावात सगळ्यांना ठाऊक आहे, लेआंद्रो म्हणजे घाटाचा माणूस. पंचविशीत मी कुएर्वोची खिंड चौतीस मिनिटांत चढलो होतो. हे मी सांगतोही बऱ्याचदा, जरा जास्तच सांगत असेन. आता, गुरुवारी आम्ही घाटात जातो का? नाही. नदीकाठच्या सपाट रस्त्यानं जातो, खाली कोकराचं मटण उत्तम मिळतं तिथं जेवतो आणि चारला परत. पण घरी मी "घाट" असंच म्हणतो. सोपं पडतं.

आणि त्या गुरुवारी नदीचा रस्ता डांबर टाकायला बंद! बाकीचे तिघं म्हणाले, पत्ते खेळू. आणि चर्चपुढच्या चौकात, दहा माणसं ऐकतायत, तर माझ्या तोंडून निघून गेलं की पत्ते काय खेळता बायकांसारखे, मी आपला खिंडीत चाललो. बोललो आणि बोलल्याबरोबर कळलं, की आता जावं लागणार.

नऊ किलोमीटरचा चढ आहे तो. पहिले दोन ठीक गेले. तिसऱ्यात लहान गिअर संपले. म्हणजे अजून लहान टाकावा म्हणून मी खटका दाबतोय, दाबतोय, आणि पुढे काही नाहीच! पाचव्यात माझा श्वास असा वाजायला लागला की कुरणातल्या गायी वळून बघू लागल्या. आणि सहाव्यात मेंढ्यांच्या कुंपणातून निघाला तो मास्टिफ, वासराएवढा कुत्रा, गळ्यात खिळ्यांचा पट्टा. माझ्या मागे लागला. मी कसा पळालो ते माझं मला माहीत. बरं, शंभर पावलं पळून मागे बघतो तर कुत्रा रस्त्याच्या मधोमध बसलेला, शेपूट हलवतोय. कुणाला बघून? खालून एक हिरवं जाकीट येत होतं. त्या जाकिटानं हात खाली करून त्याचं डोकं थोपटलं. सायकल न थांबवता! मग दोन वळणं झाली, आणि ते "थोडंच राहिलंय" माझ्या कानाशी आलं.

आवाज! आवाज ऐकला आणि माझा पाय पेडलवरून सुटला हो. हाच आवाज मला रोज सकाळी सांगतो की गॅसजवळ उभा राहू नकोस. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण आत हवाच नव्हती. ती वळणाआड. आणि मी रस्त्याच्या कडेला, एक पाय जमिनीवर, दगडाला धरून उभा.

कारण माझ्या माहितीप्रमाणे माझी बायको त्या वेळी बसमध्ये होती. दर गुरुवारी ती पलीकडच्या खोऱ्यात तिच्या बहिणीकडे जाते, बेनिल्देकडे, दहाच्या बसनं. मला पक्कं माहीत होतं. एकसष्ट वर्षांची बाई, तिला मी उभ्या जन्मात सायकलवर बसलेली पाहिलेली नाही! एकतीस वर्षं, तुम्हाला सांगतो!

कसाबसा वर पोचलो. किती मिनिटांत ते विचारू नका. खिंडीत तार्सिसियोचा बार आहे, एकच खोली, बाहेर दोन बाकं. मी खुर्चीत पडलो आणि त्याला म्हटलं, इथून आत्ता एक बाई गेली का? तो पेले पुसत म्हणाला, ओब्दुलिया ना, गेली की, कॉफी उभ्यानंच घेते, थांबत नाही. घेते! म्हणजे नेहमी! मी म्हटलं, अरे, ती तर बसनं जाते. त्यानं पेला खाली ठेवला. माझ्याकडे असा बघायला लागला, जसं डॉक्टर बघतात.

"लेआंद्रो," तो म्हणाला, "बस बंद होऊन दीड वर्ष झालं."

दीड वर्ष! थांब्यावरची पाटी काढली, चौकात सह्यांचा कागद फिरला, आणि मी म्हणे त्यावर सहीसुद्धा केली होती. केली असेल. मला वाटलं असेल कारंज्याच्या दुरुस्तीचा कागद आहे. मग तार्सिसियोनं हळूहळू सगळं सांगितलं. सायकल बेनिल्देच्या मुलीची, ती वायादोलिद शहरात राहायला गेली तेव्हा राहिलेली. पहिले दोन महिने ओब्दुलिया ती हातानं ढकलत खिंडीपर्यंत आणायची. रडायची पण, तो म्हणाला. बर्फात पाववाला तिला व्हॅनमधून नेतो. पाद्रीबाबांना माहीत आहे, पाववाल्याला माहीत आहे, कुत्र्याला माहीत आहे. आणि सायकल ठेवते कुठं? आमच्याच घरामागे, कोंबड्यांच्या खुराड्यात! मी तिथं पाऊल टाकत नाही, तो कोंबडा पायाला चोच मारतो.

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? घरी गेला असता? मी नाही गेलो. मी पलीकडे उतरलो. बारा किलोमीटरची ती घळ, दोन्ही बाजूंना कडे, खाली नदी गरजतेय, आणि वर पाच गिधाडं घिरट्या घालतायत, आणि खोटं कशाला बोलू, मला वाटलं माझ्यावरच घालतायत. आणि डोक्यात नको नको ते विचार! पलीकडच्या खोऱ्यात तो विधुर मधवाला आहे, उंच, सगळे दात शाबूत. बहीण हे निमित्त असेल तर? उतारावर ब्रेक दाबून दाबून बोटं बधिर झाली आणि मी स्वतःशी मोठमोठ्यानं बोलत होतो.

बेनिल्देच्या अंगणात सायकल होती, भिंतीला टेकवलेली. माझ्या सायकलपेक्षा स्वच्छ. दार उघडंच होतं. मी आत गेलो, त्या बुटांखालच्या लोखंडी पट्ट्यांचा फरशीवर टक टक आवाज करत, अंगात ते पिवळं घट्ट बनियन आणि ती घट्ट चड्डी, तोंड लालबुंद… एखाद्याला रंगेहाथ पकडायचं ना, त्या आवेशात.

ओब्दुलिया बहिणीला आंघोळ घालून केस विंचरत होती.

बेनिल्देला झटका येऊन गेल्याचं मला माहीत होतं. म्हणजे, फुलं पाठवली होती आम्ही. पण मला वाटत होतं, झाली असेल बरी. उजवी बाजू गेलेली. अर्धा चेहरा उतरलेला. ईस्टरपासून तोंडातून "हो" आणि "नको" एवढंच. आठवड्यातून सहा दिवस शेजारीण येते, आणि गुरुवार ओब्दुलियाचा.

मी तिथं उभा. घाम टपकतोय फरशीवर. आणि बेनिल्देनं मला खालून वर बघितलं, मग वरून खाली, मध्येच थांबली, डावा हात उचलला, बोट रोखलं आणि स्वच्छ शब्दांत म्हणाली,

"केवढं पोट!"

माझा अपमान झाला हो. मी पोट आत घ्यायला गेलो, तर ओब्दुलिया हसायला लागली. कंगवा खाली पडला. बेनिल्देही हसतेय, अर्ध्या तोंडानं, आणि हसता हसता माझी बायको रडायला लागली, बहिणीचं डोकं छातीशी धरून. म्हणाली, बोलली, लेआंद्रो, ऐकलंस ना, दोन शब्द बोलली. मग मीपण… जाऊ दे. घाम होता डोळ्यांत.

नंतर स्वयंपाकघरात मी विचारलं. आवाज चढवूनच विचारलं, कारण मला रागवायचंच होतं. मला का नाही सांगितलंस?

तिनं सूप ढवळायचं थांबवलं नाही. "सांगितलं होतं. बस बंद झाली त्याच दिवशी. म्हटलं, गुरुवारी मला गाडीनं सोडशील का. तू म्हणालास, गुरुवार माझा आहे."

मला आठवेना. हेच तर भयंकर आहे! भांडण झालं असतं तर आठवलं असतं. सायकलची चेन पुसता पुसता, मान वर न करता म्हणालो असणार, मी ओळखतो ना मला. आणि तिनं पुन्हा विचारलं नाही. ढकलत नेली सायकल डोंगरावर. आणि मी चारला मटण खाऊन घरी यायचो आणि म्हणायचो, घाट काय असतो तुला काय कळणार! आणि ती मला पाय बुडवायला गरम पाणी द्यायची. तिचे पाय… तिच्या पायांचं मी एकदाही विचारलं नाही. एकतीस वर्षं!

मग मी सगळ्यात जास्त खुपलेलं विचारलं. म्हटलं, घाटात तू मला ओळखलं नाहीस?

"खालच्या वळणावरच ओळखलं," ती म्हणाली. "तो श्वास एकतीस वर्षं माझ्या उशीशेजारी आहे."

मग थांबली का नाहीस?

"तिचं औषध साडेअकराला असतं."

मी चमचा घेतला आणि बेनिल्देला सूप भरवायला बसलो. अर्धं तिच्या तोंडात, अर्धं माझ्या पिवळ्या बनियनवर. तिनं तक्रार केली नाही. मधूनमधून पोटाकडे बघत होती, तेवढंच.

त्या दिवशी संध्याकाळी मी शहाणपणा केला. म्हटलं, ओब्दुलिया, झालं ते झालं, इथून पुढे दर गुरुवारी मी तुला गाडीनं घेऊन जाणार, मटण बंद, ते तिघं बंद. मला वाटलं, गळ्यात पडेल. ती म्हणाली, गाडी चांगलीच आहे, चादरी, सुपाचं पातेलं, बेनिल्देसाठी चाकांची खुर्ची, सगळं जाईल. तू घेऊन ये. मी आपली सायकलनंच येते.

तर आता असं आहे. दर गुरुवारी पुढे माझी बायको आणि मागे मी, गाडीत, पहिल्या गिअरमध्ये, बाजूच्या सीटवर पट्टा बांधलेलं सुपाचं पातेलं. खिंडीत तार्सिसियो आता बाहेर येऊन उभा राहतो. बाकीच्या तिघांनी एकदा खुर्च्या टाकल्या होत्या रस्त्याकडेला, आमची वरात बघायला. गेल्या गुरुवारी मला वाटलं, जरा उत्साह द्यावा, म्हणून तिच्या जवळ गेलो, काच खाली केली, म्हटलं, चल ओब्दुलिया, थोडंच राहिलंय. तिनं मान वळवलीसुद्धा नाही. म्हणाली, "लेआंद्रो, धूर येतोय. जरा मागे राहा."

राहतो. दुसरं काय करणार?