ऐकलं आणि सांगितलं

समारंभाचे अध्यक्ष माननीय संचालकसाहेब, सुरक्षा शाखेचे प्रमुख, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती ताई, जमलेले कुटुंबीय आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

ताईंच्या शेजारच्या टेबलावर मी बसतो, म्हणून निरोपाचं बोलण्याचा मान मला मिळाला. माझं भाषण रीतीप्रमाणे वरून तपासून आलं. त्यात आता 'ताई वक्तशीर होत्या' एवढंच शिल्लक आहे. तेव्हा पुढचं मनानेच बोलतो.

आपलं खातं लोकांचे फोन ऐकतं. घरच्या मंडळींना आपण 'आकडेवारीचं काम' म्हणून सांगतो, तर त्यांनी हे वाक्य कानाआड करावं. ते कसं करायचं, हे आमच्याकडून शिकण्यासारखं आहे.

ताईंकडे एका बिल्डरचा फोन ऐकायला होता. त्याने निवडणुकीत भलत्याच पक्षाला मदत केली होती. देशाच्या सुरक्षेला याहून मोठा धोका कोणता? एका दुपारी त्याच फोनवर ताईंनी वेगळंच ऐकलं. त्याच्या इमारतीला परवानगी नाकारणाऱ्या तपासनीसाच्या गाडीचे ब्रेक निकामी करायचे, उतारावर पुढचं आपोआप होईल, असं ठरत होतं.

ताई तडक संचालकसाहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मीही मागोमाग गेलो.

"पोलिसांना कळवू या," ताई म्हणाल्या.

"कुठून कळलं म्हणून सांगणार? हा फोन आपण ऐकतच नाही."

"साहेब, माणूस जिवानिशी जाईल."

"मग पोलीस तपास करतील. ते त्यांचं काम आहे."

कामाची इतकी नेमकी वाटणी फार थोड्या अधिकाऱ्यांना जमते. मी तर भारावून माझ्या टेबलावर परत आलो.

ताईंनी मोबाइल टेबलावर ठेवला, पर्स उचलली आणि बस पकडून त्या तपासनीसाचं घर गाठलं. दार त्यांच्या पत्नीने उघडलं.

"उद्या मिस्टरांना गाडी काढू देऊ नका. आधी मेकॅनिकला दाखवा."

"पण तुम्ही कोण?"

"ते राहू द्या. गाडी तेवढी दाखवा," म्हणत ताई जिना उतरल्या.

सकाळी मेकॅनिकने गाडीखाली डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "ही फाटकापर्यंतसुद्धा नेऊ नका." पुढे पोलीस आले, बिल्डर आत गेला, तपासनीस वाचले.

खुनाचा बेत ऐकून जे खातं जागचं हललं नव्हतं, ते कुणी अनोळखी बाई सांगून गेली म्हटल्यावर खडबडून उठलं. मोबाइल मागे ठेवून बाहेर पडणारी बाई निर्दोष कशी असेल, हा सुरक्षाप्रमुखांचा सवाल तर बिनतोड होता. आपला मोबाइल जवळ बाळगणं, म्हणजे आपण कुठे जातो ते खात्याला कळू देणं, हेच सज्जनपणाचं लक्षण, हे मला तेव्हा उमगलं.

ताईंनी लपवाछपवी केली नाही. चौकशीत म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांचं नुसतं ऐकत आले. एकदा तरी कुणाला काही सांगावंसं वाटलं." मग त्यांना स्वेच्छेने निवृत्त होण्याचा हुकूम निघाला. त्याच स्वेच्छेचा आज आपण हार घालून गौरव करतो आहोत.

संचालकसाहेब मघापासून सुरक्षाप्रमुखांच्या कानात काही विचारताहेत. तिसऱ्या रांगेतलं ते जोडपं कोण, असंच ना? साहेब, तेच ते तपासनीस, आणि त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नी. त्यांना इथला पत्ता आणि ताईंचं नाव कुणी दिलं, याची चौकशी लावायचा त्रास घेऊ नका. मी दिलं. काल त्यांच्या घरी जाऊन दिलं, आणि जाताना मोबाइल खिशात होता.

संयोजकांचे, चहा देणाऱ्यांचे आणि इतका वेळ शांतपणे ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात अधिक-उणं झालं असेल, तर पोटात घाला. पोटात ठेवायची सवय आपल्या खात्याला आहेच.

मी आता बसतो. या वहिनी, पुढे या. त्या दिवशी तुम्ही जिन्यापर्यंत मागे आलात, तोवर ताई निघून गेल्या होत्या. आज त्या कुठे जात नाहीत.