आंबागडाचं पानी

सहलीचं नाव काढू नका माह्यासमोर! गोंदिया आमच्या जिल्ह्यातून वेगळा झाला, दरसालच्या सहलीचा नवेगावबांध तिकडे गेला, तवा आमचे हेडमास्तर म्हणाले, "गुरुजी, पोट्ट्यायले आता आपल्याच जिल्ह्याचा इतिहास दाखवा." म्हणून चौथीचा वर्ग घेऊन आंबागड चढलो. वर पोचेपर्यंत माह्या घसा कोरडा पडला होता. वैशाली सगळ्यायच्या आधी वर पोचली होती. तिची बाटली घेतली न् एका दमात रिकामी केली.

मंग तिथल्या विहिरीजवळ उभा राहून रंगवून सांगतलं, "राजा कैद्यायले ह्याच विहिरीचं पानी पाजे. थे पेल्यावर कोणी दुसरा दिवस पाह्यला नाही!"

वैशाली रडाले लागली.

"काहून रडून राहिली वं?"

"गुरुजी, मी बाटली इथूनच भरली होती."

मी रिकामी बाटली उलटी करून पाह्यली. "तू पेली का?"

"नाही. तुमी ठेवलंच कुठं?"

गड उतरताना सारे माह्याकडेच पाहून राहिले होते. घरी कोणाले सांगतलं नाही, पोट दाबून पडून राहिलो.

सकाळी वर्गात पाय ठेवला. वैशालीनं हात वर केला.

"गुरुजी, मंग काल तुमी खोटं सांगतलं होतं का?"