शेऱ्याचा रकाना

सत्यजित : बाबा, पहिली गाडी एका चार्जमध्ये पाचशे पंच्याऐंशी किलोमीटर जाते म्हणे. दुसरी चारशे नव्वद. मग पहिलीच घ्यायची ना, सीधी बात आहे.

गोपीनाथ : म्हणे! कंपनीनं सांगितलं आणि तू ऐकलंस. पी हळद अन् हो गोरी. अरे, तो आकडा बंद खोलीत रोलरवर गाडी फिरवून काढतात. ना ऊन, ना घाट, ना शेजारी एसी वाढवणारी तुझी आई.

शशिकला : माझं नाव कशाला मधे? मी गुपचूप मेथी निवडून राहिले इथं.

सत्यजित : मग बघायचं काय, बाबा?

गोपीनाथ : शंभर किलोमीटरला किती युनिट खाते ते. पहिलीची बॅटरी एकोणसाठ युनिटची. म्हणजे कागदावर शंभराला दहा. दुसरीची पंचेचाळीस, म्हणजे सव्वानऊ. खादाड कोण?

सत्यजित : पहिली. पण ती लांब तर जाते!

गोपीनाथ : मोठा डबा घेऊन निघालेला माणूस उशिरा उपाशी राहतो, एवढंच. बाग सेवनियाहून तुझं ऑफिस, तिथून इथं शाहपुऱ्याला आमच्याकडे, सगळं भोपाळातच. दिवसाला चाळीस किलोमीटर होत नाहीत तुझे.

सत्यजित : पण नागपूर आहे ना. पुढच्या महिन्यात मनूमावशीचं वर्षश्राद्ध. आईला मी नव्या गाडीतून नेणार, पक्का. साडेतीनशे किलोमीटर एका दमात झाले पाहिजेत.

शशिकला : ने बाबा. मागच्या खेपेसारखं नको. ताईचं तोंडसुद्धा दिसलं नाही जिवंतपणी.

सत्यजित : म्हणूनच म्हणतो आई. बाबा, तुमच्या इलेक्ट्रिक गाडीचे खरे आकडे आहेत ना तुमच्याकडे? तुमची वही?

गोपीनाथ : आहे. पण तुझ्या गाडीला ते लागू नाहीत पडायचे. राहू दे.

शशिकला : अगं बाई, आज वही नको म्हणून राहिले! सत्या, टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहे बघ, निळी. अडतीस वर्षं वीज मंडळाच्या लॅबमध्ये मीटर तपासले यांनी. रिटायर झाले तरी गाडीतून उतरले की आधी वही, मग चप्पल.

सत्यजित : मिळाली. क्या बात है, बाबा! तारीख, अंतर, युनिट, वेग, एसी, शेरा... पूर्ण रकाने आखलेत.

शशिकला : आणि खाडाखोड एक नाही दिसणार. यांचा नियमच आहे. मीटरनं दाखवलं ते लिहायचं, आवडो न आवडो. एकदा साहेबानं आकडा बदला म्हटलं तर यांनी बदली घेतली, पण आकडा नाही बदलला.

गोपीनाथ : शशी, पुरे.

सत्यजित : इंदूर, एसी चालू, वेग बहात्तर, शंभराला पंधरा युनिट. पचमढी, साडेसोळा. हां, चढ आहे. पुन्हा इंदूर, पंधरा... अरे! अकरा! बाबा, हे तर रेकॉर्ड आहे! भोपाळ ते नागपूर एका चार्जमध्ये. चार टक्के उरले पोचल्यावर. सरासरी वेग शेहेचाळीस, एसी बंद.

गोपीनाथ : ते पान सोड.

सत्यजित : सोडू कशाला? हेच तर पाहिजे मला. शेरा पण लिहिलाय. 'बैतूल नऊ वीस. शिल्लक बावन्न टक्के. चार्जर चालू, रिकामा. थांबलो नाही.'

शशिकला : तारीख काय आहे त्याच्यावर?

सत्यजित : तारीख... आई, ते...

शशिकला : वाच.

सत्यजित : अकरा जून. मागच्या वर्षीची.

(शशिकलानं मेथीची परात बाजूला सारली.)

शशिकला : बैतूलला तुम्ही ढाब्यामागचा चार्जर बघून आलात. मी गाडीतच होते, ताईच्या केतकीचा फोन चालू होता. तुम्ही म्हणाले, चार्जर बंद पडलंय.

गोपीनाथ : हो.

शशिकला : म्हणाले, आता पन्नासच्या वर नेली तर रस्त्यात बसावं लागेल. एसी लावला तर मुलताईच्या पुढं जात नाही. मी खिडकी उघडून बसले. मागून ट्रक पुढं जाऊन राहिले होते आमच्या. मी एक शब्द बोलले का?

गोपीनाथ : नाही बोललीस.

शशिकला : मला वाटलं, यांचा तरी काय दोष. मशीनच बंद, तर माणूस काय करणार.

सत्यजित : आई, पाणी आणू का?

शशिकला : बस खाली. तुझ्यापासून लपवण्यासारखं काही राहिलं नाही आता. का नाही थांबले हो?

गोपीनाथ : डॉक्टर दोन दिवस म्हणाले होते, शशी. मनोरमाताई दोन दिवस आहेत, असंच डोक्यात होतं माझ्या.

शशिकला : केतकी फोनवर म्हणत होती, आई सारखी विचारते, शशी कुठपर्यंत आली. मी तुम्हाला सांगितलं ते. तिथंच, बैतूलला.

गोपीनाथ : सांगितलंस.

शशिकला : मग?

गोपीनाथ : काय सांगू?

शशिकला : जे आहे ते. वहीत लिहिलंत, मला का नाही सांगता येत?

गोपीनाथ : स्क्रीनवर अकरा दिसत होते. आयुष्यात कधी इतका कमी आकडा आला नव्हता. शोरूममधला तो पोरगा हसला होता मला, काका, नागपूर एका चार्जमध्ये विसरा म्हणून. मी चार्जरसमोर उभा होतो. केबल हातात घेतली होती. मग वाटलं, अर्धा रस्ता तर आलोच. आता थांबलो तर सगळं मोडेल. तेवढंच वाटलं, शशी. त्या क्षणी ताई डोळ्यांपुढं नव्हत्या. लाज वाटते सांगायला, पण नव्हत्या.

सत्यजित : बाबा, यार... काय केलंत हे!

गोपीनाथ : बोल. तुलाही बोलायचा हक्क आहे.

सत्यजित : ही घ्या तुमची वही.

शशिकला : आणि मी केतकीला काय सांगितलं माहीत आहे? ती दारातच म्हणाली, मावशी, इतका उशीर? मी म्हटलं, तुझ्या काकांनी फार केलं गं, गाडी ओढत आणली बिचाऱ्यांनी, वाटेतलं चार्जिंगच बंद होतं. तिच्या आईला खाली काढून ठेवलं होतं, आणि ती पोरगी तुमच्या पाया पडली. तुम्ही पडू दिलं.

गोपीनाथ : हो.

शशिकला : अकरा महिने झाले. रोज सकाळी तुम्हाला चहा देते मी.

गोपीनाथ : रोज सांगणार होतो. सकाळी ठरवायचो, आणि तू चहा घेऊन आलीस की नाही जमायचं. वही फाडावी असंही मनात आलं.

शशिकला : मग फाडली का नाही?

गोपीनाथ : तेही जमलं नाही.

सत्यजित : आई, श्राद्धाला आपण ट्रेननं जाऊ. मी आजच तिकिटं बघतो. गाडीचं नंतर पाहू.

शशिकला : गाडी घे तू. गाडीनं काय केलंय? मनूताईनं मला न्हाऊमाखू घातलं, तिच्या परकरातून माझे परकर शिवले. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि ती चौदाची. ती बाई सकाळपासून दाराकडं बघत होती, आणि मी रस्त्यात ट्रक मोजत बसले.

गोपीनाथ : शशी, मी केतकीला फोन करून सांगतो. आज सांगतो.

शशिकला : तुमचं ओझं तिच्या डोक्यावर टाकू नका. तिला वाटू द्या की मशीन बंद होतं.

गोपीनाथ : मग मी काय करू?

शशिकला : मला एक सांगा. तुम्ही हिशेब केलाच असेल. त्या दिवशी बैतूलला थांबलो असतो, तर किती वाजता पोचलो असतो?

गोपीनाथ : नको, शशी.

शशिकला : सांगा. लॅबमध्ये सांगायचे तसं.

गोपीनाथ : पंचवीस मिनिटं चार्जिंग. पावणेदहाला निघालो असतो. मग पंच्याहत्तरच्या वेगानं... बारा वाजून पाच मिनिटांनी.

शशिकला : ताई पाऊणला गेली.

गोपीनाथ : हो. चाळीस मिनिटं मिळाली असती.

शशिकला : चाळीस कशाला. मला पाच पुरली असती.