व्यापाऱ्यासाठी बिया नाहीत

तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारी दोन जावा निकालाची वाट बघत बसल्या होत्या. धाकटी सारखी खिडकीकडे बघत होती.

"या वेळी तरी पास होईल ना, जाऊबाई?"

"न व्हायला काय झालं? मागच्या वेळी तू बिया भाजल्यास."

"खायच्या तेलाला भाजतोच की आपण! सवयीनं हात कढईकडे गेला."

"आणि क्रीमवाल्या बाई म्हणाल्या, तोंडाला लावायचंय हो, फोडणी नाही द्यायची."

"या वेळी कच्च्याच घातल्यात घाण्यात. पण नापास झालं तर? व्यापारी बिया उचलायला गाडी पाठवतोय. त्याला नाही म्हटलं, तर तो पुन्हा दारात यायचा नाही."

"इतकी वर्षं बिया आपण वेचल्या आणि तेल त्यानं विकलं. आता घाणा आपला आहे, पेंडसुद्धा आपल्याच घरात राहते."

"हा बघा, त्याचाच फोन."

"आण इकडे. हॅलो, भाऊ? गाडी नका पाठवू. बिया संपल्या. तेल हवं असेल तर सांगा, पण क्रीमवाल्या बाईंच्या मागे नंबर लागेल. बरं, ठेवते."

"अहो जाऊबाई, निम्मी पोती घरात पडलीत अजून!"

"पडलीत ना. त्याच्यासाठी संपल्या."